गोबूचा उजवा गाल

१

"हळू बोला," म्हातारी ओठांवर बोट ठेवून म्हणाली. "गोबू आलीय. दमून झोपलीय."

पोलिसांना दारात आजवर नाना तऱ्हांनी अडवलं गेलं होतं, पण असं कुणी अडवलं नव्हतं. हवालदाराने टोपी काढून काखेत धरली. त्याच्यामागून सबुरीसाहेब आत आले आणि नकळत तेही चवड्यांवर चालू लागले.

खात्यात त्यांना सगळे सबुरीसाहेबच म्हणत. तपासात कुणी घाई केली की त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "सबुरीनं." निवृत्ती तोंडावर आली होती, केस गेले होते, गालफडं बसली होती, बायको जाऊन बराच काळ लोटला होता. माणसांकडून त्यांची आता काही अपेक्षा नव्हती. कुतूहल तेवढं शाबूत होतं, आणि त्याच्याच जोरावर ते रोज सकाळी अंथरुणातून उठत.

तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा होती. खिडकीकडे तोंड करून दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडलेल्या होत्या. उजवीकडची म्हातारीची. डावीकडच्या खुर्चीत तिची मुलगी बसली होती. वाचनालयात ग्रंथपाल, वय चाळिशीच्या आसपास, लग्न केलेलं नाही. केस नीट विंचरलेले, हात मांडीवर एकावर एक, डोळे मिटलेले, ओठांवर मलमाची पातळ चकाकी. झोपलेली म्हणून चाललं असतं, पण तिचा श्वास सकाळीच थांबला होता.

खालच्या मजल्यावर ब्यूटी पार्लर चालवणारी बाई म्हातारीचे केस कापायला म्हणून दुपारी वर आली होती. तिनेच आधी हाक मारली, मग हात लावला, आणि मग पोलिसांना फोन केला. आता ती दाराच्या चौकटीला टेकून पदराने तोंड दाबत होती.

"साहेब, जरा इकडून बघा," हवालदार कुजबुजला. "आता तिकडून."

उजवीकडून गाल गोबरा दिसत होता, आत्ताच कुणीतरी कौतुकाने गालगुच्चा घेऊन गेल्यासारखा. डावीकडून दुसरीच बाई दिसत होती. गालाच्या हाडाखाली अंगठा रुतेल एवढा खड्डा, त्यावर ताणलेली कातडी. दोन्ही गालांवर जांभळ्या शाईची रिंगणं होती. उजव्या रिंगणात सुईचे बारीक ठिपके होते. डाव्या गालाला सुई लागलीच नव्हती, आणि त्यावरचं रिंगण धड खड्ड्यावरही नव्हतं. नाकावरून चष्मा घसरावा तसं ते जबड्याकडे घसरलं होतं.

"घाईत काढलंय," हवालदार म्हणाला.

"सबुरीनं," साहेब म्हणाले, पण त्यांनाही तसंच वाटलं होतं.

म्हातारी आपल्या खुर्चीतून मुलीचा उजवा गाल कुरवाळत होती. "इतके दिवस ती दुसरीच बाई घरात वावरत होती. स्वभावाने गरीब होती हो, पण परकी ती परकीच. आता गोबू आली. आता कुणाची गरज नाही." मग काय मनात आलं कोण जाणे, ती उठली, आणि साहेब आडवे येण्याआधी खुर्चीला वळसा घालून पलीकडे गेली. वाकून तिने डावा गाल पाहिला. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "ही पुन्हा आली का? मग माझी गोबू कुठे गेली?"

२

धाकटा भाऊ कामावरून आला तेव्हा सबुरीसाहेब स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले होते. भावाचा चेहरा आईसारखाच गोल, हात अतिशय स्वच्छ, नखं बारीक कापलेली, अंगाला साबणाचा वास. तो रडला नाही. आधी आईला औषध दिलं, तिच्या पायांवर शाल घातली, आणि मग येऊन ओट्याला टेकून उभा राहिला.

"ताईला मोठं दुखणं झालं होतं," तो म्हणाला. "दुखणं गेलं, पण जाताना तिचे गाल घेऊन गेलं. लहानपणापासून तिचे गाल एवढे गोबरे की आईने नावच गोबू ठेवलं. शाळेत लिहिलेलं नाव नातेवाइकांनासुद्धा आठवत नाही."

"आणि आईंना ती ओळखू येईना."

"आईचं सगळंच हळूहळू पुसत चाललंय. पण तिच्या डोक्यात माणसाचा जो चेहरा आहे, तो पक्का आहे. त्याच्याशी समोरचा चेहरा जुळला नाही की माणूस परका. मला ओळखते. माझा चेहरा आहे तसा आहे ना. ताई मात्र तिला न्हाऊ घालायची, भरवायची, आणि आई तिला विचारायची, बाई, तुम्हाला कुणी पाठवलं? माझी मुलगी कधी येणार? जेवताना चांगलंचुंगलं गोबूसाठी झाकून ठेवायची, आणि ताईने हात लावला तर रागवायची. दुसऱ्या दिवशी ते शिळं झालेलं ताईच खायची."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या इमारतीत कुणीतरी उन्हात टाकलेल्या गाद्या आत घेत होतं.

"तिला एवढंच हवं होतं, साहेब. आईने एकदा गोबू म्हणून हाक मारावी. एकदाच. आईला हाक मारायचंही भान उरणार नाही त्याच्याआधी. म्हणून ती गालांच्या डॉक्टरांकडे गेली."

"त्यांनी केलं हे?"

"ते नको म्हणाले होते."

"तुम्ही काय करता?"

"मोठ्या रुग्णालयात आहे. तळघरात." साबणाच्या वासावरून साहेबांनी मनातल्या मनात त्याला धुलाईखान्यात टाकलं आणि पुढे गेले. "मग कुणी केलं असेल?"

भावाने आपले स्वच्छ हात पाहिले. "ज्याला वाटलं असेल की आपल्याला येतं, त्याने."

"तो सापडला तर त्याचं काय व्हावं असं वाटतं तुम्हाला?"

"काही झालं तरी ताईचा एक गाल रिकामाच राहणार," तो म्हणाला, आणि आईने बोलावलं म्हणून आत गेला. आतून म्हातारीचा आवाज येत होता. ती त्याला त्याच्या पाळण्यातल्या नावाने हाक मारत होती आणि विचारत होती की गोबूला जेवायला उठवायचं का.

३

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरीणबाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. उजव्या गालात फिलर नावाची जेल भरली होती. त्यातली थोडी थेट रक्तवाहिनीत गेली, उलटी वर चढली, डोळ्यामागून मेंदूत पोचली. दुसरं काहीही नाही, विष नाही, झटापट नाही.

"आणि हो, पापण्यांखाली कापसाचा पापुद्रा होता, डोळे उघडू नयेत म्हणून," त्या हात धुताना म्हणाल्या. "आमच्या खाली शवागारातल्या लोकांनी घातला असणार. त्यांना सवयच असते." साहेबांनी मान हलवली आणि ते विसरून गेले. पुढे त्यांनी स्वतःला त्याबद्दल बरेच बोल लावले.

गालांचे डॉक्टर म्हणून ज्यांचं नाव होतं, त्या शल्यविशारदांची खोली आरशांनी भरलेली होती. टेबलावर प्लास्टिकची कवटी, तिच्या गालाच्या हाडांवर सिलिकॉनच्या दोन छोट्या वाट्या बसवलेल्या. बोलताना डॉक्टर साहेबांच्या गालफडांकडे बघत होते, गवंडी ओल आलेल्या भिंतीकडे बघतो तसे.

"बाई आल्या होत्या," ते म्हणाले. "मी सगळे मार्ग सांगितले. पहिला फिलर. सुईने जेल भरायची, सोपं काम, पण वर्ष-दीड वर्षात ती विरते. दुसरा, स्वतःचीच चरबी. पोटाची किंवा मांडीची काढून गालात भरतात. काही जिरते, उरलेली राहते. तिसरा, या वाट्या. इम्प्लांट. कायमच्या, पण त्याला शस्त्रक्रिया आली, भूल आली."

"त्यांना काय हवं होतं?"

"चरबी. म्हणाल्या, माझंच काहीतरी असू दे, आई हात लावते तेव्हा तिला परकं लागायला नको." डॉक्टरांनी कवटी जराशी वळवून ठेवली. "पण अंगावर चरबी होतीच कुठे? भूल त्यांच्या हृदयाला झेपली नसती. राहिलं फिलर. त्यांचं रक्त पातळ ठेवायचं औषध चालू होतं, जखमा भरत नव्हत्या. मी म्हटलं, वजन वाढू द्या, सहा महिन्यांनी या. त्या म्हणाल्या, सहा महिन्यांनी आईला गोबू हे नावच आठवणार नाही."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"बाहेर बरेच लोक बसले होते," डॉक्टर म्हणाले. "मी त्यांना दारापर्यंत सोडलं."

साहेब उठायला लागले.

"एक सांगतो," डॉक्टर म्हणाले. "सुई आत गेली की आधी दट्ट्या मागे ओढून बघायचं. रक्त आलं तर सुई रक्तवाहिनीत आहे, तिथे भरायचं नाही. त्यानेही पुरती खात्री होत नाही, म्हणून मग थेंब थेंब, पेशंटच्या डोळ्यांकडे बघत. शिकाऊ पोरांचे हात इथे थरथरतात. मी तुमचा अहवाल वाचला. या माणसाने जेल एका दमात भरलीय. एकसारखी, सुबक. हात सराईत आहे, साहेब. फक्त त्या हाताला भीती माहीत नाही. असा माणूस माझ्या धंद्यात मी पाहिलेला नाही."

"तुम्ही स्वतः सराईत आहात," साहेब म्हणाले.

डॉक्टर उत्तर देणार तोच हवालदाराचा फोन आला. तिसऱ्या मजल्याखालच्या पार्लरच्या कपाटात, नेलपॉलिशच्या बाटल्यांमागे, फिलरचं रिकामं खोकं सापडलं होतं.

४

"मी मागवून दिलं, एवढंच," पार्लरवाली म्हणाली. ती आपल्याच आडव्या होणाऱ्या खुर्चीच्या काठावर अंग चोरून बसली होती. "आम्हाला सामान देणारा माणूस आणतो. ताई रोज यायच्या. रोज नाही म्हटलं. मग एक दिवस त्या इथेच बसल्या, आरशासमोर, आणि दोन्ही गालांत हवा भरून फुगवून बघत होत्या. मला म्हणाल्या, वर जाईपर्यंत श्वास असाच धरून ठेवता आला तर बरं होईल नाही? मला बघवेना हो. दिलं मागवून."

"आणि सुई कुणी दिली?"

"मी नाही. मी भुवया कोरते, केस कापते. कुणाच्या अंगात सुई खुपसायची माझी छाती नाही." ती रडायला लागली. "मी विचारलं होतं, डॉक्टर तर नको म्हणालेत, मग कोण करणार? त्या हसल्या. म्हणाल्या, ज्याच्या हाताखालून शेकडो चेहरे गेलेत तो करणार आहे. गाल भरण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही. मला वाटलं, डॉक्टरांचं मन वळवलं असेल."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"आजींचे केस कोण कापणार मग?" ती म्हणाली. उत्तर वेडगळ होतं, पण साहेबांना ते खोटं वाटलं नाही.

बाहेर आल्यावर हवालदार बोटांवर मोजू लागला. "शेकडो चेहरे. सराईत हात. शल्यक्रियेची जांभळी शाई. डॉक्टरच की साहेब. बाईंनी गळ घातली, हे चोरून घरी आले, एका गालात घोटाळा झाला, बाईंना खुर्चीत बसवून पसार."

या वेळी साहेब "सबुरीनं" म्हणाले नाहीत. त्यांनी गाडी शल्यविशारदांच्या दवाखान्याकडे घ्यायला सांगितली.

५

"न्यायचं तर न्या," डॉक्टर म्हणाले. "तसाही माझा त्यात हात नाही असं मला म्हणवत नाही. मी नाही म्हटलं नसतं तर त्या दुसरीकडे गेल्याच नसत्या. पण त्याआधी मला फोटो दाखवा."

हवालदाराने खुर्चीतल्या मृत बाईंचा फोटो पुढे केला. डॉक्टरांनी डाव्या गालावरच्या घसरलेल्या रिंगणावर बोट ठेवलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हे काय आहे?"

"घाईत काढलेलं."

"घाईत माणूस वेडंवाकडं काढेल. हे गोल अगदी रेखीव आहे, फक्त जागा चुकलीय. साहेब, खाली बसा जरा. ताठ."

सबुरीसाहेब आरशासमोर बसले. डॉक्टरांनी जांभळ्या पेनाने त्यांच्या बसलेल्या गालावर खड्ड्याभोवती नेमकं रिंगण काढलं. मग खुर्चीचा दांडा दाबून त्यांना पार आडवं केलं आणि वर हातातला आरसा धरला. साहेबांनी पाहिलं. गाल कानाकडे ओघळला होता, खड्ड्याची जागा बदलली होती, रिंगण भलतीकडेच राहिलं होतं.

"म्हणून आम्ही खुणा नेहमी पेशंटला बसवून करतो," डॉक्टर म्हणाले. "आडवं केल्यावर चेहरा खोटं बोलतो. पहिल्याच आठवड्यात हे शिकवतात. आता तुमचा शवविच्छेदनाच्या टेबलावरचा फोटो असेल तर बघू. आडव्या बाईंचा."

तो फोटो होता. आडव्या चेहऱ्यावर डावं रिंगण खड्ड्याभोवती तंतोतंत बसलं होतं. कुठेही केसाएवढा फरक नव्हता.

"आडवं झोपवून काढलंय," साहेब पुटपुटले.

"मग पार्लरवालीच," हवालदार म्हणाला. "ती सगळ्यांना त्या खुर्चीत आडवंच करते."

"सबुरीनं." साहेब अजून आडवेच होते. आडवं पडून छताकडे बघताना त्यांना बरं वाटत होतं, आणि तसं वाटल्याचं वाईटही वाटत होतं. पार्लरवालीच्या अंगात भीती काठोकाठ भरलेली होती, आणि या हाताला भीती नव्हती. त्यांनी खुर्चीतला फोटो पुन्हा मागून घेतला. विंचरलेले केस. एकावर एक हात. ओठ सुकू नयेत म्हणून मलम. आणि डोळे पूर्ण मिटलेले, पापणीला पापणी लागलेली.

मेंदूत घाव बसून गेलेल्या माणसाचे डोळे असे आपसूक मिटत नाहीत. त्यांच्या बायकोचे मिटले नव्हते. रुग्णालयात त्यांनी स्वतः बोटांनी मिटवून पाहिले होते आणि ते पुन्हा पुन्हा अर्धे उघडत होते. दुसऱ्या दिवशी तिला ताब्यात घेतलं तेव्हा डोळे शांत मिटलेले होते, दुखण्याने खोल गेलेले गालसुद्धा भरून आलेले होते, ओठांवर मलम होतं. नातेवाइकांना बघवेल असं कुणीतरी तिला करून ठेवलं होतं. साहेब आभार मानायला शोधत गेले होते, पण खाली कुणी भेटलं नव्हतं.

ते ताडकन उठून बसले. पापण्यांखालचा कापूस शवागारातल्या लोकांनी नव्हता घातला. बाई खुर्चीत सापडल्या तेव्हाच तो तिथे होता.

"डॉक्टर," त्यांनी विचारलं, "असा कोण असतो, जो रोज गाल भरतो, पण ज्याच्यासमोरचा माणूस कधी उठून बसत नाही?"

डॉक्टरांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी पेनाला टोपण लावलं. हवालदार मात्र गोंधळून विचारत राहिला की आता कुठे जायचं.

"मोठ्या रुग्णालयात," साहेब म्हणाले. "तळघरात."

६

जिन्याखालच्या लांब खोलीत पांढऱ्या दिव्यांचा उजेड होता आणि साबणाचा तोच वास. भाऊ पाठमोरा उभा होता. टेबलावर एक म्हातारे गृहस्थ निजलेले होते, मानेखाली लाकडी ठोकळा, पोटावर चादर. त्यांचे गाल पार आत गेले होते. गालावर जांभळ्या शाईचं रेखीव रिंगण होतं.

साहेबांनी हवालदाराला दारातच थांबवलं. भावाने सुई घेतली, खड्ड्याच्या काठाशी आत घातली आणि अंगठा एकसारखा पुढे नेला. गाल वर आला. दुसरीकडे सुई, पुन्हा तेच. काम देखणं होतं. निर्जीव चेहऱ्यातून हळूहळू कुणाचे तरी आजोबा वर येत होते.

"दट्ट्या मागे ओढून बघत नाही तुम्ही," साहेब मागून म्हणाले.

"कशाला?" तो न वळता म्हणाला. "यांचं रक्त कुठे वाहतं..."

हात जागच्या जागी थांबला. त्याने सुई सावकाश ट्रेमध्ये ठेवली, हातमोजे काढले आणि वळला. आठवडाभरात त्याची रया गेली होती. दाढी वाढली होती, डोळ्यांखाली काळं झालं होतं, आईसारखा गोल चेहरा लांबट झाला होता. अन्न पोटात ठरत नव्हतं, हे बघणाऱ्याला विचारावं लागलं नसतं.

"हेच मला नंतर समजलं, साहेब," तो म्हणाला. "बाहेर स्ट्रेचर ढकलताना, आंघोळ करताना, सारखं तेच. मला कुणी शिकवलंच नव्हतं की तपासायचं असतं. मी एवढे गाल भरले, एकानेही कधी त्रास झाला म्हणून सांगितलं नाही."

"ताईने गळ घातली?"

"आधी तिने. मग माझं मलाच वाटलं, आपल्याला येतं. डॉक्टर नको म्हणाले त्या दिवशी ती घरी येऊन आईला भरवत होती. आईने तिचा हात बाजूला केला. म्हणाली, गोबू आल्यावर जेवेन. ताई माझ्याकडे बघून म्हणाली, तू परक्यांच्या आयांना त्यांची मुलं ओळखू येतील असं करून देतोस. मला का नाही?" तो टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिला. "मी तिला पलंगावर झोपवलं. मानेखाली तिचीच दोन जाडी पुस्तकं ठेवली. उजवा गाल पुरा झाला. तिने आरसा मागितला. मी म्हटलं, दोन्ही झाल्यावर बघ. तेव्हाच तिने हात उचलला, डोळ्याकडे नेला, आणि मग..."

"कुणाला बोलावलं का नाहीस?" साहेबांच्या तोंडून एकेरी निघून गेलं. ते रागावले होते, आणि कुणावर ते त्यांनाच कळत नव्हतं.

"गेलेला चेहरा कसा दिसतो तेवढंच मला येतं, साहेब. मला बघताक्षणी कळलं." तो थांबला. "मग हातांनी त्यांचं नेहमीचं काम केलं. केस, ओठ, डोळे. मी ठरवून नाही केलं. तिला उचलून खुर्चीत बसवलं, भरलेला गाल आईकडे करून. आई येऊन शेजारी बसली. तिने गाल कुरवाळला आणि म्हणाली, गोबू, कधी आलीस गं?"

खोलीत कुठेतरी नळ ठिबकत होता. हवालदार दारात खाली मान घालून उभा होता.

"थोडा वेळ ऐकू येतं म्हणतात," भाऊ म्हणाला. "गेल्यानंतरही. आम्हाला इथे कामाला लागलो तेव्हा सांगितलं होतं, त्यांच्यासमोर वेडंवाकडं बोलू नका म्हणून. खरं आहे का हो ते? आईची हाक तिला ऐकू आली असेल?"

सबुरीसाहेबांना खोटं बोलता आलं असतं. नोकरीत त्यांनी कितीतरी लोकांना कितीतरी खोटं सांगितलं होतं, तेही विनाकारण. या वेळी जीभ उचलली नाही.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

भावाने मान हलवली. मग एखाद्याने परवानगीचा अर्ज करावा तशा अदबीने तो म्हणाला, "मी येतो तुमच्याबरोबर. एकच मागणं आहे. तिला अंत्यविधीला न्यायच्या आधी मला तिचा डावा गाल भरू द्या. आता तिला काही होणार नाही. आई शेवटचं बघेल तेव्हा कुठूनही बघू दे."

"तो पुरावा आहे," साहेब म्हणाले. "कुणालाही हात लावता येत नाही." हे खरं होतं, नियमाला धरून होतं, आणि बोलून झाल्यावर त्यांना स्वतःचाच वीट आला.

७

आईला एकदा भेटून यायचं, एवढं साहेबांनी मान्य केलं. पार्लरवाली वरच होती. म्हातारीजवळ सध्या तीच राही. आजींचे केस तिने कापून दिले होते, आणि आता त्यांना कोण सांभाळणार हा प्रश्न तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता, पण तिने तो विचारला नाही.

खिडकीशी दोन्ही खुर्च्या होत्या. म्हातारी आपल्या खुर्चीत बसली होती. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर तिने शाल घडी करून ठेवली होती आणि शालीवर झाकलेली ताटली होती.

"आई," भाऊ म्हणाला.

म्हातारीने वर पाहिलं. त्याच्या वाढलेल्या दाढीवरून, आत गेलेल्या गालांवरून तिची नजर सावकाश फिरली. साहेबांनी ती नजर याआधी एकदा पाहिली होती, खुर्चीच्या डाव्या बाजूला.

"आई, मी आहे."

तिने साहेबांकडे पाहिलं. साहेब तिला आता रोजचे झाले होते. "हे कोण?" तिने हलक्या आवाजात विचारलं. "तुमच्याबरोबर आलेत का? फार आजारी दिसतात हो बिचारे."

भावाने दोन्ही हात स्वतःच्या गालांवर नेले, चाचपून पाहिले, आणि खाली सोडले. त्याच्या सराईत हातांना तिथे किती भरावं लागेल हे न मोजता कळलं असणार. एवढ्यात करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"मावशी," साहेब म्हणाले, "नीट बघा. तुमचा मुलगा आहे हा."

"छे," ती समजुतीने हसली. "माझा मुलगा कामावर असतो. येईल संध्याकाळी. तो आला की आम्ही तिघं मिळून जेवणार आहोत." मग तिला आल्यागेल्याची रीत आठवली असावी. तिने भावाकडे वळून मान लववली. "या हं पुन्हा. तब्येतीला जपा. फक्त जाताना जरा हळू जा. गोबू झोपलीय."

मग भावाने दाराशी जाऊन आपल्या चपला उचलून हातात घेतल्या आणि पायऱ्यांवर पावलांचा आवाज होऊ न देता तो अनवाणी खाली उतरू लागला. त्याच्यामागून हवालदार, आणि सगळ्यांत शेवटी, हातात बूट घेऊन, सबुरीसाहेब.